अणुकेंद्रकाचा अभ्यासक, पोखरणचा शिल्पकार : डॉ. राजा रामण्णा

मुंबईच्या पूर्व टोकाला, ठाण्याच्या खाडीकाठी वसलेल्या ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पाण्याच्या खोल हौदात बुडवलेल्या युरेनियमच्या इंधनात विखंडनाची साखळी प्रक्रिया आपली आपण सुरू राहिली आणि सोव्हिएत संघ वगळता आशियातील पहिल्या अणुभट्टीचा मान भारताकडे आला. इंधन ब्रिटनमधून आले होते. भट्टीची रचना आणि उभारणी मात्र येथल्या अभियंत्यांनी व शास्त्रज्ञांनी केली होती. त्यांच्यामध्ये भौतिकशास्त्राची बाजू सांभाळणारे एक तरुण संशोधक होते. त्यांचे वय होते अवघे एकतीस आणि नाव होते राजा रामण्णा.

आज रामण्णांचे नाव निघाले की सामान्य वाचकाला राजस्थानातील पोखरण आणि १८ मे १९७४ चा अणुस्फोट आठवतो. ते स्वाभाविकही आहे. पण ज्या काळात त्यांनी प्रत्यक्ष संशोधन केले, त्या काळात त्यांच्यासमोर मुख्यतः एकच प्रश्न होता. युरेनियमसारखे जड अणुकेंद्रक दुभंगते, तेव्हा त्याचे दोन समान तुकडे का होत नाहीत? एक तुकडा मोठा आणि एक लहान असाच का होतो? या प्रश्नाचा पाठलाग करताना केंद्रकाचे वजन कसे ठरते, त्याचा आकार कसा असतो आणि त्यातील द्रव्य कसे पसरलेले असते, याचाच विचार करावा लागतो. रामण्णांच्या आयुष्याची कहाणी या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाही.

राजा रामण्णा यांचा जन्म २८ जानेवारी १९२५ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील तुमकूर जिल्ह्यात, तिपटूर येथे झाला. वडील संस्थानाच्या न्यायखात्यात न्यायाधीश होते. घरात शिक्षणाचे आणि वाचनाचे वातावरण होते. लहानपणीच ते पियानो शिकू लागले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची त्यांना जी गोडी लागली ती अखेरपर्यंत टिकली. बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत आणि पुढे मद्रासजवळ तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. भौतिकशास्त्र आणि संगीत या दोन्ही वाटा त्यांना खुणावत होत्या. व्यवसाय म्हणून त्यांनी भौतिकशास्त्र स्वीकारले, पण पियानो सोडला नाही.

डॉ. होमी भाभा यांच्याशी त्यांची पहिली भेटही संगीतामुळेच झाली. १९४४ च्या सुमारास संगीताच्या परीक्षा घेण्यासाठी आलेल्या एका युरोपीय परीक्षकाने या विद्यार्थ्याची ओळख भाभांशी करून दिली. भाभा तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते आणि मुंबईत मूलभूत संशोधनाची स्वतंत्र संस्था उभारण्याचे बेत करीत होते. चित्रकला आणि संगीत यांत रमणाऱ्या भाभांना पियानो वाजवणारा हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी लक्षात राहिला. लंडनच्या किंग्ज कॉलेजातून अणुकेंद्रकीय भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून रामण्णा मायदेशी परतले आणि डिसेंबर १९४९ मध्ये भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९४५ मध्ये सुरू झालेली ही संस्था अजून बाल्यावस्थेत होती. कुलाब्याची आजची प्रशस्त इमारत १९६२ मध्ये खुली झाली. त्याआधी जागा अपुरी होती, उपकरणे तुटपुंजी होती आणि बरेच काही हाताने घडवावे लागत होते.

ते ज्या विषयात पाऊल टाकीत होते तो विषय त्या वेळी मोठ्या मंथनातून जात होता. अणूचे जवळजवळ सगळे वजन त्याच्या केंद्रकात एकवटलेले असते आणि केंद्रक अणूच्या मानाने अतिशय लहान असते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे त्याचे घटक. केंद्रक हलके असो वा जड, त्याच्या अंतर्भागाची घनता जवळपास सारखीच राहते. ही घनता इतकी प्रचंड आहे की, त्या द्रव्याने एक घन सेंटीमीटर जागा भरली तर त्याचे वजन सुमारे २३ कोटी टन भरेल. पाण्याचा थेंब लहान असो वा मोठा, पाण्याची घनता बदलत नाही. केंद्रकाचेही तसेच आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी केंद्रकाला द्रवाच्या थेंबाची उपमा दिली आणि त्या उपमेचे गणित मांडले.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्रीड्रिख फॉन वायझेकर यांनी १९३५ मध्ये या कल्पनेवर आधारित केंद्रकाच्या वस्तुमानाचे सूत्र दिले. केंद्रकाचे वजन त्याच्या घटकांच्या वजनांच्या बेरजेपेक्षा नेहमी थोडे कमी भरते. जो फरक पडतो तो त्या घटकांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचा असतो. वायझेकर यांच्या सूत्रात या बंधन ऊर्जेचा हिशेब होता. आतील कण एकमेकांना धरून ठेवतात, ही जमेची बाजू. पृष्ठभागावरील कणांना बाहेरच्या अंगाला शेजारी नसतात, प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या संख्येत फार तफावत पडली तर बांधणी सैल होते, या खर्चाच्या बाजू. एवढ्या मोजक्या बाबींवर शेकडो केंद्रकांची वस्तुमाने बऱ्याच अचूकपणे सांगता येऊ लागली.

१९३८ च्या डिसेंबरमध्ये ओटो हान आणि फ्रित्झ स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम आढळले. लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला तो याच थेंबाच्या आधारे. न्यूट्रॉन गिळलेला थेंब डुचमळतो, लांबट होतो, भुईमुगाच्या शेंगेप्रमाणे मधोमध आवळला जातो आणि शेवटी दुभंगतो. पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो, तर प्रोटॉनांचे परस्पर अपाकर्षण त्याला ताणू पाहते. या झटापटीत दुसऱ्याची सरशी झाली की विखंडन होते आणि मूळ वस्तुमानाचा सुमारे एक सहस्रांश भाग ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये या प्रक्रियेचा सविस्तर सिद्धांत मांडला.

मात्र थेंबाच्या गणितात एक अडचण होती. त्या गणितानुसार थेंब समान दोन भागांत फुटायला हवा. प्रत्यक्षात मंद न्यूट्रॉनमुळे युरेनियम २३५ चे विखंडन झाले की तुकड्यांचे दोन स्पष्ट घोळके दिसतात. एकाचे वस्तुमान ९५ च्या आसपास, तर दुसऱ्याचे १४० च्या आसपास असते. समसमान तुकडे पडण्याची शक्यता या असमान विभागणीच्या मानाने सुमारे सहाशे पटींनी कमी. या एका आकड्याने अनेक वर्षे भल्याभल्यांना कोड्यात टाकले.

कोड्याचा एक धागा १९४९ मध्ये हाती आला. अमेरिकेत मारिया गोपर्ट मायर आणि जर्मनीत हान्स येन्सन व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, केंद्रकातील कणांना ठरावीक पातळ्या असतात. पंगतीत जशा ठरावीक जागा मांडलेल्या असाव्यात आणि एक पंगत भरली की दुसरी सुरू व्हावी, तशी ही रचना. प्रोटॉनांची किंवा न्यूट्रॉनांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ अथवा १२६ झाली की पंगत पुरी भरते आणि ते केंद्रक विशेष स्थिर बनते. या संख्यांना जादूच्या संख्या असे नाव पडले. पुढे जेम्स रेनवॉटर, आगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी दाखवले की, अर्धवट भरलेल्या पंगतींमुळे अनेक केंद्रके गोल न राहता लांबट होतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने केंद्रकातील विद्युतभाराचे वाटप मोजले. केंद्रकाची कड रेखीव नसून तेथे घनता हळूहळू विरळ होत जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. एका बाजूला थेंब आणि दुसऱ्या बाजूला पंगत, अशी दोन चित्रे शास्त्रज्ञांसमोर होती. दोन्ही खरी होती आणि दोन्ही अपुरी होती. विखंडन समजून घ्यायचे तर दोन्हींची सांगड घालणे भाग होते.

‘अप्सरा’ सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. अणुभट्टी म्हणजे संशोधकासाठी न्यूट्रॉनांचा अखंड झरा. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते २० जानेवारी १९५७ रोजी ट्रॉम्बेच्या केंद्राचे औपचारिक उद्घाटन झाले, तोपर्यंत प्रयोगांची आखणी सुरू झालेली होती. आरंभीच्या काळात रामण्णांनी न्यूट्रॉनांचा वेग पदार्थात कसा मंदावतो याचा अभ्यास केला होता. भट्टीच्या रचनेसाठी ही माहिती अत्यावश्यक असते. पुढे त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह विखंडनाकडे मोर्चा वळवला. केंद्रक दुभंगताना बाहेर पडणारे न्यूट्रॉन, गॅमा किरण आणि क्वचित निसटणारे अल्फा कण यांची मोजमापे त्यांनी केली. हे कण म्हणजे घटनेचे साक्षीदार. ते कोणत्या दिशेने आणि किती ऊर्जेनिशी निघाले यावरून दुभंगण्याच्या क्षणी केंद्रकाचा आकार कसा होता याचा अंदाज बांधता येतो. विखंडनाचा अखेरचा टप्पा डोळ्याचे पाते लवण्याच्या कोट्यवधींश काळात उरकतो. त्याचे थेट दर्शन कोणालाच घडत नाही. मागे उरलेल्या खुणांवरूनच सारे ताडावे लागते.

मोजमापांच्या जोडीला रामण्णांनी एक सैद्धांतिक कल्पनाही मांडली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुकड्यांच्या वस्तुमानांचे वाटप संभाव्यतेच्या गणिताने समजावून देण्याचा प्रयत्न केला. केंद्रक शेंगेच्या आकाराचे झाले की त्याचे दोन गोलक एका अरुंद मानेने जोडलेले असतात. या मानेतून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची इकडून तिकडे ये-जा चालू असते. लग्नघरातील दोन दालने एका दाराने जोडलेली असावीत आणि पाहुण्यांनी सतत इकडेतिकडे फिरत राहावे, तशी ही स्थिती. प्रत्येक पाहुण्याची हालचाल योगायोगाची. पण ज्या दालनातील पंगत पुरी भरत आली असेल तेथे बसलेला पाहुणा सहसा उठत नाही. अखेरीस दार बंद होते, म्हणजे मान तुटते. त्या क्षणी कोणत्या दालनात किती जण आहेत यावर तुकड्यांची वस्तुमाने ठरतात. ५० प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन अशा दोन्ही पंगती भरलेले कथिलाचे १३२ वस्तुमानाचे केंद्रक विशेष स्थिर असते. जड तुकड्याची ओढ त्या दिशेने का असावी याचा उलगडा अशा विचाराने होऊ लागतो.

रामण्णांच्या या कल्पनेने सगळे कोडे सुटले असे नाही. तिच्या मर्यादा होत्या आणि त्यानंतर अधिक परिपूर्ण पद्धती पुढे आल्या. १९६७ मध्ये सोव्हिएत संघातील व्हिलेन स्ट्रुटिन्स्की यांनी थेंबाच्या ऊर्जेत पंगतीची दुरुस्ती मिळवण्याची पद्धत दिली आणि केंद्रकांची वस्तुमाने व आकार यांच्या हिशेबात ती प्रमाण ठरली. मात्र स्वतःच्या देशात बांधलेल्या लहानशा भट्टीवर प्रयोग करून, त्यांचा अर्थ लावण्यासाठी स्वतःचे प्रतिमान मांडण्याची हिंमत ट्रॉम्बेने दाखवली, ती रामण्णांमुळे. १९६३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यांनी घडवलेल्या गटाचे काम पुढेही चालू राहिले. १९७० मध्ये व्ही. एस. राममूर्ती, एस. एस. कपूर आणि एस. के. कटारिया या ट्रॉम्बेच्या तीन संशोधकांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष जगासमोर ठेवला. केंद्रकाला जसजशी अधिक ऊर्जा दिली जाते, तसतसा पंगतींचा प्रभाव ओसरत जातो आणि ते साध्या थेंबासारखे वागू लागते, असा त्याचा आशय होता. थंड केंद्रकात पंगत आणि तापलेल्या केंद्रकात थेंब, अशी दोन चित्रांमधील वाटणी त्यामुळे अधिक स्पष्ट झाली. या निष्कर्षाची दखल जगभरच्या केंद्रकीय भौतिकशास्त्रज्ञांनी घेतली.

संशोधनाइतकेच मोलाचे काम रामण्णांनी मनुष्यबळ घडवण्याच्या बाबतीत केले. १९५७ मध्ये ट्रॉम्बे येथे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले, त्याच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. देशभरच्या विद्यापीठांतून पदवी घेतलेल्या तरुणांना निवडून, वर्षभर कसून शिकवून प्रयोगशाळेत उतरवायचे, अशी ही योजना होती. परदेशी शिकून आलेल्या मोजक्या तज्ज्ञांवर एवढा मोठा कार्यक्रम चालणार नाही, हे भाभांना आणि रामण्णांना उमगले होते. अणुऊर्जा खात्यातील पुढच्या पिढ्यांचे बहुसंख्य शास्त्रज्ञ आणि अभियंते याच विद्यालयातून आले.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लां शिखराजवळ झालेल्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले. भाभांच्या छायेत वाढलेल्या पिढीवर अचानक जबाबदारी येऊन पडली. ट्रॉम्बेच्या केंद्राला १९६७ मध्ये भाभांचे नाव देण्यात आले. विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, पण डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचेही अकाली निधन झाले. १९७२ मध्ये होमी सेठना आयोगाचे अध्यक्ष झाले आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संचालकपदी रामण्णांची नियुक्ती झाली.

येथून त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. विखंडनाचे जे ज्ञान इतकी वर्षे प्रयोगशाळेत जमा होत होते, ते आता दुसऱ्या हेतूने वापरले जाणार होते. चीनने १९६४ मध्ये अणुचाचणी केली होती. त्यानंतर भारताने काय करावे यावर देशात वाद चालू होता. मे १९७२ मध्ये ट्रॉम्बे येथे ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियमवर चालणारी प्रायोगिक भट्टी सुरू झाली. वेगवान न्यूट्रॉनांनी घडणारी साखळी प्रक्रिया कशी वागते, हे तिच्यामुळे कळू लागले. प्लुटोनियम मिळाले ते ‘सायरस’ या भट्टीतून. ही भट्टी कॅनडाच्या मदतीने उभारलेली होती आणि तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने पुरवले होते. रामण्णांच्या नेतृत्वाखाली पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम आणि इतर शास्त्रज्ञांचा लहानसा गट कमालीच्या गुप्ततेत कामाला लागला. अगदी मोजक्या लोकांना या कामाची पूर्ण कल्पना होती.

पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या संमतीने १८ मे १९७४ रोजी सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी पोखरणच्या वाळवंटात, जमिनीखाली सुमारे १०७ मीटर खोलीवर स्फोट घडवण्यात आला. त्याची क्षमता १२ किलोटन असल्याचे जाहीर झाले. परदेशी अभ्यासकांचे अंदाज त्याहून कमी होते. सरकारने हा शांततामय कार्यासाठी केलेला अणुस्फोट असल्याचे सांगितले. देशात आनंदाची लाट उसळली. जगातून मात्र तीव्र प्रतिक्रिया आल्या. कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. राजस्थानातील अणुवीज केंद्राचे दुसरे संयंत्र भारतीय अभियंत्यांना परदेशी मदतीविना पूर्ण करावे लागले. महाराष्ट्रातील तारापूर केंद्राला लागणाऱ्या अमेरिकी इंधनाचा प्रश्नही पुढे चिघळला. अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला तो या स्फोटानंतरच, आणि त्याच्या निर्बंधांतून २००८ मध्ये सूट मिळेपर्यंत भारताच्या अणुकार्यक्रमाला एकाकी वाट चालावी लागली.

रामण्णांना १९७५ मध्ये पद्मविभूषण किताबाने गौरवण्यात आले. पद्मश्री आणि पद्मभूषण त्याआधीच मिळाले होते. पण पोखरणच्या स्फोटाचे नेमके स्वरूप काय, हा प्रश्न पुढची अनेक वर्षे मागे लागला. अखेर १९९७ मध्ये रामण्णांनी जाहीरपणे मान्य केले की, तो बॉम्बच होता आणि केवळ शांततामय स्फोट असे त्याचे वर्णन करता येणार नाही. तेवीस वर्षे राखलेली अधिकृत भाषा तिच्या प्रमुख शिल्पकारानेच बाजूला ठेवली. काहींनी त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचे स्वागत केले. हे सत्य आधीच सांगायला हवे होते, असेही काहींना वाटले. मदतीच्या अटी शांततामय वापराच्या असताना त्यातून मिळालेल्या प्लुटोनियमचा असा उपयोग करणे योग्य होते काय, ही चर्चा अद्याप थांबलेली नाही. रामण्णांच्या चरित्रातील हा भाग टाळून पुढे जाता येत नाही.

१९७८ मध्ये ते संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. १९८१ मध्ये पुन्हा भाभा केंद्राचे संचालक आणि १९८३ ते १९८७ या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, अशी पदे त्यांनी सांभाळली. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, ऑगस्ट १९८५ मध्ये ट्रॉम्बे येथे ‘ध्रुव’ ही १०० मेगावॅटची संशोधन भट्टी सुरू झाली. तिची रचना पूर्णपणे भारतीय होती. सुरुवातीला इंधनसळ्यांच्या कंपनांमुळे ती बंद ठेवावी लागली. तो दोषही येथल्याच अभियंत्यांनी दूर केला आणि १९८८ मध्ये भट्टी पूर्ण क्षमतेने चालू लागली. चेर्नोबिलच्या दुर्घटनेने जग हादरले त्या १९८६ सालीच व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते.

प्रशासनात राहूनही मूलभूत विज्ञानाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. केंद्रकाचा अभ्यास करायचा तर केवळ भट्टी पुरेशी नाही, कणांना वेग देणारी त्वरक यंत्रेही हवीत, असा त्यांचा आग्रह होता. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनला त्यांचे पाठबळ लाभले. इंदूरचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र त्यांच्याच काळात आकाराला आले. मुंबईत टाटा संस्थेच्या आवारात भाभा केंद्र आणि टाटा संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. त्यावर पुढील दशकांत केंद्रकांचे आकार आणि त्यांचे फिरणे यांचा अभ्यास झाला. रामण्णांनी १९५० च्या दशकात ज्या विषयाला हात घातला त्याची पुढची पाने कुलाब्यात लिहिली गेली.

१९९० मध्ये विश्वनाथ प्रतापसिंह यांच्या मंत्रिमंडळात ते संरक्षण राज्यमंत्री होते. १९९७ ते २००३ या काळात राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य म्हणून त्यांनी काम केले. जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने बंगळुरूत १९८८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे ते पहिले संचालक होते. विज्ञान, समाजशास्त्र आणि कला यांच्या अभ्यासकांनी एकत्र बसावे, ही या संस्थेमागील कल्पना त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. १९९१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या रचनेची तुलना करणारे पुस्तक त्यांनी १९९३ मध्ये लिहिले. संस्कृत साहित्य आणि बौद्ध तत्त्वज्ञान हेही त्यांच्या आस्थेचे विषय होते. कार्यक्रमांतून पियानोवादन करणारे अणुशास्त्रज्ञ म्हणून अनेकांनी त्यांना पाहिले आहे.

२४ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकोणऐंशी वर्षांचे होते. पुढच्या वर्षी इंदूरच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या ‘अप्सरा’पासून त्यांचे विखंडनाचे संशोधन सुरू झाले ती भट्टी २००९ मध्ये कायमची बंद करण्यात आली. तिच्याच जागी उभारलेली तिची नवी आवृत्ती सप्टेंबर २०१८ मध्ये कार्यान्वित झाली.

योगायोग असा की, त्याच २०१८ साली असमान विखंडनाच्या जुन्या कोड्याला नवे उत्तर मिळाले. गिलॉम स्कॅम्प्स आणि सेड्रिक सिमेनेल या संशोधकांनी महासंगणकाच्या आधारे दाखवले की, दुभंगण्याच्या क्षणी तुकड्यांना नासपतीसारखा एका बाजूला निमुळता आकार येतो आणि काही ठरावीक प्रोटॉनसंख्यांना हा आकार विशेष मानवतो. नासपतीच्या आकाराची केंद्रके प्रत्यक्षात असतात याचा स्पष्ट पुरावा २०१३ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत रेडियमच्या एका समस्थानिकावरील प्रयोगांतून मिळालेला होता. पंगत भरली की केंद्रक गोल आणि स्थिर होते, एवढ्यावर आता भागत नाही. आकारानुसार पंगतींची मांडणीही बदलते, असे हे नवे चित्र सांगते.

केंद्रकाचा आकार आणि त्याचे दुभंगणे यांचा संबंध शोधण्याची जी दिशा रामण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बेच्या हौदाकाठी धरली होती, ती चुकीची नव्हती, हे यावरून दिसते. पोखरणमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले आणि त्या स्फोटाचे मूल्यमापन इतिहास आपल्या पद्धतीने करीत राहील. तुटपुंज्या साधनांनिशी निसर्गाला एक अवघड प्रश्न विचारणारा आणि तो विचारू शकतील अशी माणसे तयार करणारा शास्त्रज्ञ म्हणूनही त्यांची आठवण राहायला हवी. ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण विद्यालयात आजही तरुण पदवीधर दाखल होतात. केंद्रक दुभंगताना त्याचे समान भाग का होत नाहीत, हा प्रश्न त्यांच्यासमोरही येतो आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम अजून संपलेले नाही.